हळदीचा खोकला

हळद शिजायला लागली की आमच्याकडची हवा बदलते. हिंगोलीतून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, शेताच्या कडेला वाफेचे ड्रम उभे असतात, त्यांतून पांढरे लोट निघतात आणि त्या वासाला काय म्हणावं ते मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. ओल्या मातीचा एक पदर, उकडलेल्या रताळ्याचा एक पदर, आणि मागून हळूच येणारा कडवटपणा. मग ती शिजलेली हळद उन्हात पसरतात. पळसाला पानं उरलेली नसतात, नुसती लाल फुलं. आणि त्यांच्या खाली पिवळ्याधमक चादरी. इतका भडक देखावा माणसाने रंगवला असता तर लोक म्हणाले असते, जरा आवरा.

मग वाळलेली हळद घासणारे पॉलिशचे ड्रम फिरू लागतात आणि धूळ उडते. ती धूळ कोणाचं ऐकत नाही. आमच्या कंपनीत ती कॉम्प्युटरच्या बटणांवर बसते, चहावर साय धरते, हिशेबनीसांच्या टकलाला सोन्याचा मुलामा देते. दोनतीन महिने आम्ही सगळे नवरदेवासारखे पिवळे असतो. चेहरे मात्र मांडवात जेवण कमी पडलेल्या मुलीच्या बापाचे.

आणि खोकला. हळदीच्या धंद्यात खोकल्याला कोणी आजार म्हणत नाही. तो हंगामाचा भाग आहे, जसं ऊन, जसे ट्रॅक्टर. परवा केबिनच्या खिडकीतून तो उकडलेला वास आत आला, माझ्या घशात खवखवलं, आणि गेल्या वर्षीचा हंगाम एकदम समोर येऊन उभा राहिला. मी त्याला म्हणालो, ये बाबा, बस. तू काही सुखाने जायचा नाहीस.

आमची कंपनी शेतकऱ्यांकडून हळद घेते, साफ करते, दळते आणि लांबच्या गावांना पाठवते. मी तिथे वर्षानुवर्षे खरेदी बघत होतो. गोदाम बाबाराव बघायचा, मालाची तपासणी रेखाताई बघायच्या. आम्ही तिघे मधल्या मजल्यावरचे लोक. खालच्यांना वाटायचं आम्हाला सगळे अधिकार आहेत, वरच्यांना वाटायचं आम्हाला सगळी कामं आहेत. दोघांचाही गैरसमज आम्ही मोठ्या प्रेमाने सांभाळला होता.

दुपारी आमचा चहा गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागे व्हायचा. छतापर्यंत गेलेल्या थप्प्या, त्यांच्यामधून वाकडी गल्ली, आणि गल्लीच्या शेवटी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर आमचं नाट्यगृह. हो, नाट्यगृहच. कारण रोज चहाबरोबर तिथे माझा प्रयोग असायचा: मोठ्या साहेबांची नक्कल.

मोठे साहेब म्हणजे आमचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सज्जन, सुकलेले, हात पाठीमागे बांधून चालणारे. मी क्रेटवरून उठायचो, आधी खोकायचो, कारण साहेब कुठेही यायच्या आधी त्यांचा खोकला यायचा. मग चष्मा काढून रुमालाने पुसायचा, उजेडाकडे धरायचा, पुन्हा पुसायचा, आणि म्हणायचं, "असं बघा..." एवढ्यात रेखाताई पदराने डोळे टिपायला लागायच्या. गोदामातले बाकीचे खिंकाळायचे. पण माझं सगळं लक्ष बाबारावकडे.

बाबारावचं हसणं उशिरा यायचं. विनोद झाला की हा मख्ख. बशीतला चहा फुंकत बसायचा. सगळ्यांचं हसून संपायचं, कोणीतरी दुसरा विषय काढायचं, आणि मग याचे खांदे हलू लागायचे. आधी खांदे, मग पोट, मग बशी. चहा धोतरावर... नाही, धोतर कुठलं, पँटवर सांडायचा. तो सांडला की प्रयोग यशस्वी. नाही सांडला तर बाबाराव सरळ सांगायचा, "दिगू, आज न्हाई जमलं गड्या." असा प्रेक्षक ज्याला मिळाला त्याला आणखी काय पाहिजे?

एका उन्हाळ्यात साहेबांनी हुकूम काढला होता की जेवणाच्या वेळेत फाटक बंद. बाहेर हळदीच्या गाड्या, गाड्यांखाली सावलीला बसलेले शेतकरी. मी थप्पीमागे उभा राहून चष्मा पुसला. "असं बघा, शेतकऱ्याला उन्हाची सवयच असते. सावलीत त्याला सर्दी होईल." त्या दिवशी चहा पँटवरच नव्हे, बुटांतही गेला. आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडं! वर बाहेर हिरवी जाळी बांधून सावली. बाबाराव म्हणाला, "देवानं बुद्धी दिली म्हणायची." आम्ही देवाला श्रेय दिलं आणि चहा प्यालो.

मग साहेब निवृत्त झाले, आणि संचालकांनी त्यांच्या जागी मला बसवलं.

मुख्य कार्यकारी अधिकारी. हे पदच असं लांबलचक की कोणाला सांगेपर्यंत समोरचा जांभई देतो. पण मला गंमत वाटली. पहिल्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा थप्पीमागे गेलो. सगळे उठून उभे राहिले. मी म्हणालो, अरे बसा, आणि वातावरण हलकं करायला जुना प्रयोग काढला. खोकलो.

खोकला संपायच्या आत सगळे हसले. अजून चष्मा काढला नव्हता! आणि बाबाराव... बाबाराव सगळ्यांत आधी हसला. तोंड उघडून, आवाज काढून, मोजून मापून. बशीतला चहा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा चहा केबिनमध्ये यायला लागला. प्लेटमध्ये बिस्किटं, ती पण पंख्यासारखी मांडलेली.

तुम्हाला सांगतो, हसणं हा फार फसवा पदार्थ आहे. वर चढल्यावर माझा प्रत्येक विनोद यशस्वी व्हायला लागला. फसलेला विनोद यशस्वी, जुना विनोद यशस्वी, मी विनोद केलाच नव्हता तोही यशस्वी. एकदा मी बैठकीत म्हणालो, "आज ऊन फार आहे," आणि दोघे जण हसले. मी घाबरलो. घरी जाऊन बायकोसमोर दिवसभराचा उत्तम विनोद सादर केला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हापिसात हसतात म्हणून मी पण हसू का?" त्या दिवशी मला तेवढा एकच खरा शेरा मिळाला.

खरं हसणं चोरीला गेलंच, आणि दुसरी चोरी झाली ती 'वर' या शब्दाची. मधल्या माणसाकडे हा एक शब्द असला की त्याचं आयुष्य निघतं. "वर कळवतो." "वरून आलेलं आहे." "माझं काही नाही हो, वरच्यांचं." काय गार शब्द आहे! माठातल्या पाण्यासारखा. आता कोणी काही मागितलं की जुन्या सवयीने माझी मान वर जायची, आणि वर पंखा फिरत असायचा. त्याच्या पात्यांवर हळदीची धूळ. संचालकांना विचारावं तर ते म्हणायचे, "तुम्हीच ठरवा. त्याच्यासाठीच तर तुम्हाला बसवलं."

ठरवायचं होतं ते डोंगरकड्याचं.

डोंगरकड्याला आमचं खरेदी केंद्र होतं. एक पत्र्याची शेड, एक मोठा काटा, पुढे लिंबाचं झाड. मीच सुरू केलेलं, नोकरीला नवा होतो तेव्हा. तिथला काटा सोपानदादा सांभाळायचे, आणि त्यांच्या हाताखाली गावातलेच हमाल. त्या भागातली हळद तिथे यायची आणि मग आमच्या गाडीने हिंगोलीला. पण रस्ते सुधारले. ट्रॅक्टरवाले थेट हिंगोली गाठायला लागले. केंद्र रिकामं रिकामं वाटू लागलं. ते चालवणं परवडत नव्हतं, हे मला कळत होतं. ते बंद करणं माझ्याने होत नव्हतं, हेही मला कळत होतं. दोन्ही कळणाऱ्या माणसाने काय करावं? मी गोष्टी सांगितल्या.

म्हणजे असं. हंगामाच्या तोंडावर बाबाराव केबिनमध्ये आला. खुर्चीवर बसला नाही, टेबलाला टेकला पण नाही. "साहेब, डोंगरकड्याचं काय करायचं?"

साहेब! दिगू कुठे गेला देव जाणे. मी मांडीवर थाप मारली. "डोंगरकड्यावरून आठवलं! तो बोकड माहीत आहे ना?" आणि मी सोपानदादांच्या काट्यावर चढलेल्या बोकडाची गोष्ट सांगितली. एका धनगराचा बोकड हळदीच्या पोत्यावर उडी मारून बसला, तर सोपानदादा त्याला उतरू देईनात. म्हणाले, आधी वजन सांगतो, मग उतर. बाबाराव हसला. लगेच हसला. आणि गेला. पुन्हा आला तेव्हा मी दुसरी गोष्ट सांगितली. मग रेखाताई आल्या, त्यांना तिसरी. सगळे हसत बाहेर गेले आणि मला वाटलं, काय प्रसन्न कार्यालय आहे!

बाहेर ऊन तापत चाललं होतं. रोज सकाळी फाटकावर गाड्या लागत होत्या. डोंगरकड्याच्या बाजूने गाड्या येत नाहीत हे मला खिडकीतून दिसत होतं, पण खिडकीला हिरवा पडदा होता आणि पडदा ओढायची दोरी माझ्या हाताशी होती.

एका दुपारी लाईट गेली. केबिन भट्टीसारखी झाली. मी बाहेर पडलो आणि पाय आपोआप गोदामाकडे वळले. आत अंधार, गारवा, गोण्यांचा वास. थप्प्यांच्या गल्लीत शिरलो आणि मला माझा आवाज ऐकू आला.

मी जागच्या जागी थांबलो. पलीकडे मीच बोलत होतो.

"डोंगरकड्यावरून आठवलं!" मांडीवर थाप. "तो बोकड माहीत आहे ना?"

तो बाबाराव होता. आणि काय सांगू, बहारदार करत होता! गोष्ट सुरू व्हायच्या आधीच स्वतः हसायचं, हे माझं हसणं त्याने नेमकं उचललं होतं. हातात पेन फिरवणं जरा जास्त होत होतं. मी असतो तर थोडं कमी केलं असतं. रेखाताई बाबाराव झाल्या होत्या, पडेल आवाजात विचारत होत्या, "साहेब, पण केंद्राचं काय?"

"केंद्रावरून आठवलं!" थाप.

"साहेब, हमाल इचारून राहिले."

"हमालावरून आठवलं!" थाप.

"साहेब, गोदामाला आग लागली."

"आगीवरून एक मजा आठवली, बसा, चहा घ्या!"

आणि हशा फुटला. तो खरा हशा. पोटातून आलेला, एकमेकांच्या पाठीवर आपटणारा, सबंध हंगामात मला ऐकू न आलेला. मी अंधारात पोत्याला टेकून उभा होतो आणि खरं सांगायचं तर माझ्याही तोंडावर हसू आलं होतं. इतकी सुंदर नक्कल. मग हशा ओसरला आणि बाबारावचा स्वतःचा आवाज आला, थकलेला.

"हसून घ्या. सोपानदादा रोज फोन करून राहिले मला. चालू करायचं का कुलूप लावायचं, एवढंच इचारतेत. लोकं थांबून थांबून दुसरीकडं माल घालून राहिले. हमालबी बसून हायेत. मी काय सांगू? साहेबानं बोकडाची गोष्ट सांगितली म्हणून सांगू?"

"तुमी जोर देऊन काहून बोलत न्हाई?" रेखाताई म्हणाल्या. "तुमचा तर दोस्त आहे."

"होता," बाबाराव म्हणाला. "आता साहेब हाये. अन् साहेबाला गोष्ट सांगायची तकलीफ कमी, उत्तर द्यायची जास्त."

कपबश्या गोळा व्हायचा आवाज झाला. मी मागे फिरलो. चोरासारखा, चवड्यांवर, स्वतःच्याच गोदामात. पाठीला पोत्याची पिवळी धूळ लागली होती. दिवसभर ती तशीच राहिली आणि कोणीही मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरकड्याला गेलो. बाबारावला सोबत घेतलं. गाडीत तो मागे बसायला लागला, मी म्हणालो पुढे बस. तो पुढे बसला, पण पाहुण्यासारखा. रस्ताभर दोन्ही बाजूंना हळद वाळत होती. मी बोललो नाही. मला वाटतं बाबारावला त्याचीच जास्त भीती वाटली.

लिंबाखाली सोपानदादा बसले होते. काट्यावर धूळ. हमाल शेडच्या सावलीत पत्ते खेळत होते, त्यांनी पत्ते लपवले. सोपानदादांनी मला बघून टोपी सारखी केली आणि तोंडभर हसले. "या साहेब! लई दिवसांनी. बसा. गोष्ट सांगा एखादी, लेकरं कंटाळली."

माझ्या जिभेवर गोष्ट होती. खोटं कशाला बोलू, दोन होत्या. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हसण्याच्या तयारीत.

"आज गोष्ट नाही दादा," मी म्हणालो. "केंद्र बंद करतोय आपण. यंदापासून."

कोणी हसलं नाही. सोपानदादांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं.

"वरून आलंय का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. खरंच सांगतो, ते माझ्यासाठीच विचारत होते. मला सोपं जावं म्हणून. एक 'हो' म्हटलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून वरच्यांना चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा प्यालो असतो.

"नाही," मी म्हणालो. "मी ठरवलं."

सोपानदादांनी काट्यावरची धूळ हाताने पुसली. म्हणाले, "बंद तर बंद. त्याचं एवढं न्हाई. आमालाबी दिसून राहिलं होतं. पण दिवाळीलाच सांगितलं असतं तर ही पोरं वसमतच्या बाजारात लागली असती. आता तिथल्या हमालांच्या टोळ्या भरल्या. भर हंगामात कोण घेतं यांना?"

मी म्हणालो, जमतील तेवढ्यांना हिंगोलीला घेतो. काही आले. काहींना रोजचं येणं-जाणं जमणारं नव्हतं, ते आले नाहीत. सोपानदादाही आले नाहीत. म्हणाले, "लिंबाखाली बसायची सवय हाये साहेब, तिकडं मोठ्या पत्र्याखाली जीव रमायचा न्हाई." त्या दिवशी त्यांनी चहाचं विचारलं नाही. डोंगरकड्याला चहा न घेता मी पहिल्यांदाच परतलो.

परतताना बाबाराव एवढंच म्हणाला, "सांगितलं ते बरं झालं." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "उशीर झाला, पण." दोन्ही वाक्यं खरी होती. त्याने माझ्या तोंडावर बोललेली त्या हंगामातली पहिली खरी वाक्यं.

पावसाळ्यात मोठ्या साहेबांकडे गेलो होतो. त्यांच्या नातीच्या लग्नाचं बोलावणं होतं, मला जायला जमलं नव्हतं, म्हणून आहेर द्यायला. ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर साहेब. चांगले तासभर गप्पा झाल्या. उठताना माझ्या लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. काय ते कळेना. मग कळलं.

"साहेब, खोकला कसा आहे?"

"कसला खोकला?" त्यांनी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा पुसला. "असं बघा दिगंबरराव," ते म्हणाले, "चहा अजून थप्पीमागेच होतो का?"

"हो."

"चांगलं आहे. तो बंद करू नका."

बस्स. मी गाडी सुरू न करता फाटकाबाहेर बसून राहिलो. उन्हातल्या गाड्या, हिरवी जाळी, देवाने दिलेली बुद्धी. आणि त्या गल्लीच्या तोंडाशी, रोज, आम्हाला आवरून बसायला वेळ मिळावा म्हणून आलेला तो खोकला. म्हणजे त्यांनी माझे सगळे प्रयोग बघितले होते, मागच्या रांगेतून, उभ्याने. त्यांना ते किती लागले असतील? का त्यांनाही, माझ्यासारखं, अंधारात हसू येत असेल? विचारायला हवं होतं. पण अशा गोष्टी विचारता येत नाहीत. फक्त पुढे चालवता येतात.

आता यंदाचा हंगाम. पुन्हा ड्रम, पुन्हा वाफ, पुन्हा पिवळी टकलं. डोंगरकड्याच्या रस्त्याने जाणं झालं की ती शेड दिसते. कुलूप आहे, लिंबाला मोहोर आहे. खाली कोणी बसलेलं असलं तर मी वेग कमी करतो. सोपानदादा असतील तर हात करतात. नसतील तर बरं वाटतं, आणि बरं वाटलं याचं वाईट वाटतं.

काल दुपारी मी गोदामाच्या गल्लीत शिरलो. पलीकडे प्रयोग चालू होता. मी पोत्याला टेकलो.

रेखाताईंनी विचारलं, "साहेब, नवीन चाळणी घ्यायची का?"

बाबारावने आधी खोकून घेतलं. माझ्या नकलेत आता खोकला आला आहे! मग मोठा विराम. मग माझ्याच आवाजात, "नाही."

एवढंच. चारदोन जण हसले, ते पण सवयीने. कलाकार म्हणून मला फार वाईट वाटलं. गेल्या वर्षी काय रंगायची ही नक्कल! आता मुळातल्या माणसातच काही राहिलेलं नाही तर बिचारा बाबाराव काय करणार? मी वाट बघितली. चाळणीबद्दल ते पुढे काय बोलतात ते ऐकलं. जुनी चाळणी खडे सोडते आहे, हे मला केबिनमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मग दोन पावलं मागे गेलो आणि खोकलो.

क्रेट सरकल्याचा आवाज.

"या साहेब, या," बाबाराव म्हणाला आणि आपली बशी माझ्यापुढे केली. "चहा घ्या. तुमचा खोकला काही जाईना. हळद टाकून दूध घेत जा."

"जाईल," मी म्हणालो. "मोठ्या साहेबांचा गेला तसाच. निवृत्त झाल्या दिवशी."

सगळे लगेच हसले. बाबाराव हसला नाही. बशी हातात, मख्ख. मी चाळणीचा विषय काढला. म्हटलं, नवी घेऊन टाकू, जुनी खडे सोडते. रेखाताईंनी चमकून बघितलं. बाबारावने माझ्याकडे बघितलं, मग थप्प्यांच्या वाकड्या गल्लीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, माझ्या खांद्यावरच्या पिवळ्या धुळीकडे.

मग त्याचे खांदे हलू लागले. आधी खांदे, मग पोट.

"अय दिगू," तो म्हणाला, आणि चहा त्याच्या पँटवर सांडला.